संस्थापकांचा माणूस

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी चपला काढून एका अमेरिकन माणसाला नमस्कार केला.

अमिरातीत, अल ऐनमधल्या एका खासगी कॉलेजच्या ग्रंथालयात मला नोकरी लागली होती. ग्रंथपालांच्या केबिनमध्ये शिरले तर त्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर मोठी तसबीर. हनुवटीला दाढी पण मिशी नाही, गळ्यापर्यंत बंद कोट, डोळे जरा आत गेलेले. हार नव्हता, पण काच लख्ख पुसलेली होती. ग्रंथपाल मराठी आहेत हे मला माहीत होतं. म्हटलं, असतील त्यांचे कुणी महाराज. पहिला दिवस आहे, नमस्कार करायला काय जातंय?

"बाई," ग्रंथपाल म्हणाले, "त्यांना नमस्कार नको. ते हात मिळवतात."

"कोण आहेत हे?"

"संस्थापक."

"या कॉलेजचे?"

"नाही हो. या कॉलेजचे संस्थापक शेख आहेत, त्यांचा फोटो बाहेर रिसेप्शनला आहे. हे बंधुमंडळाचे."

मी चपला घातल्या. बाहेर आल्यावर फिलोमिनाला विचारलं. फिलोमिना वसईची, कॅटलॉगचं काम पाहायची. ती म्हणाली, "मला तर पहिल्या दिवशी ते कुठले तरी संत वाटले. मी क्रॉस केला. तू एकटी नाहीस गं."

हे बंधुमंडळ म्हणजे काय ते मला पुढे सहाशे पानं टाइप करून कळलं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत कॉलेजची मुलं पाच-सहाजणांची गुप्त मंडळं काढायची. नावाला ग्रीक अक्षरं, छातीवर पिन, हात मिळवायची ठरावीक पद्धत, शपथ, नियम. अशीच मंडळं वाढत वाढत पुढे शंभर कॉलेजांत पोचली. आमच्या सरांचे, म्हणजे ग्रंथपालांचे, संस्थापक हे त्यातल्या एकाचे. एका लहान गावातल्या लहान कॉलेजात, खोगीर शिवणाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत, आणखी चार मित्रांना घेऊन त्यांनी ते काढलं. नियम एकूण अकरा. पहिला नियम सरांनी असा मराठीत आणला होता: भावाचं दार भावाला कधी बंद नसेल.

सर अमेरिकेला कधी गेले नव्हते. विमानात बसले ते पुणे-मुंबई-दुबई एवढंच. कॉलेजात असताना कोल्हापूरला रद्दीच्या दुकानात त्यांना एक पातळ पुस्तक मिळालं, कुठल्या तरी मिशनच्या वाचनालयातून बाहेर काढलेलं. संस्थापकांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मंडळाने छापलेलं स्मृतिपुस्तक. बस. त्यावर हा माणूस आयुष्यभर बसला. मी गेले तेव्हा चरित्र लिहायला घेऊन बारा-तेरा वर्षं झाली होती, तेही मराठीत.

"मराठीत कोण वाचणार सर?"

"इंग्रजीत लिहायला तिकडे माणसं आहेत. मराठीत मी एकटाच आहे."

मी आधी जिल्हा परिषदेत होते, संगणकावर मराठी टायपिंगची परीक्षा दिलेली. हे सरांना कळलं आणि दुसऱ्या महिन्यापासून दुपारच्या सुट्टीत मी त्यांची पानं टाइप करायला लागले. मोबदला म्हणून ते माझ्या मुलीला फिजिक्स शिकवायचे. मुलगी पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाली, "आई, ही इज सो वीअर्ड." आठवड्याने म्हणाली, "बट ही इज गुड." तिचे मार्क वाढले, म्हणून मी वीअर्ड सोडून दिलं.

सर संस्थापकांबद्दल वर्तमानकाळात बोलत. सोमवारी सकाळी येऊन सांगत, "संस्थापकांना ताप आहे." म्हणजे त्या प्रकरणात त्यांना विषमज्वर झालेला असायचा, आणि सर त्या दिवशी डब्यात नुसती पेज आणत. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि हे गृहस्थ लोकरीचं जाकीट घालून. आत एसी असतो म्हणा, पण पार्किंगपासून दारापर्यंत चालायचं तर असतंच. जाकिटावर पिन. दुबईच्या मीना बझारमधल्या सोनाराकडून स्मृतिपुस्तकातलं चित्र दाखवून करून घेतलेली. "एकशे ऐंशी दिरहम," त्यांनी सांगितलं, आणि माझा चेहरा बघून, "म्हणजे चार हजार रुपये," असं स्वतःच म्हणाले.

लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणत, "संस्थापकांनीही एकेचाळिसाव्या वर्षी केलं." स्वतः तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते.

त्यांच्या बाबतीत एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकायची. एवढा भक्त माणूस, आणि तसबीर पाठीमागे. टेबल असं लावलेलं की संस्थापक दिसायचे ते आलेल्या माणसाला. सर स्वतः त्यांच्याकडे पाठ करून बसत. मी एकदा म्हटलं, टेबल फिरवून देऊ का, उजेडही चांगला येईल. "नको," ते म्हणाले, "आहे ते बरं आहे." 

आता शुक्रवारबद्दल. आमची सुट्टी आधी शुक्रवार-शनिवार होती, तेव्हा हे गुरुवारी व्हायचं. सुट्टी बदलली तशी शुक्रवारच्या अर्ध्या दिवसावर आलं. साडेअकराला दार लावायच्या आधी आम्ही तिघं वाचनकक्षातल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायचो. संस्थापकांचा सहावा नियम: आठवड्यातून एकदा प्रत्येकाने दुसऱ्याला त्याचा एक दोष तोंडावर सांगायचा. ऐकणाऱ्याने वाद घालायचा नाही, खुलासा द्यायचा नाही, फक्त म्हणायचं, "ऐकलं." आणि पुढच्या आठवड्यात त्याने सांगायचं, त्याबद्दल काही केलं की नाही. "केलं" किंवा "नाही केलं". बास.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हादरलेच. सरकारी नोकरीतून आलेली बाई मी. आमच्याकडे दोष पाठीमागे सांगायची पद्धत. पण फिलोमिना शांतपणे म्हणाली, "सर, तुम्ही पोरींनी उशिरा पुस्तक आणलं तर ओरडता, पोरांनी आणलं तर हसता."

"ऐकलं," सर म्हणाले.

पुढच्या वेळी म्हणाले, "केलं." आणि खरंच, त्यानंतर ते पोरांवरही ओरडायला लागले.

मला सरांनी सांगितलेला पहिला दोष असा: "बाई, तुम्ही एखादं काम झालं असं कुणी सांगितलं की त्याच्यासमोरच जाऊन तपासता. माणसाचा अपमान होतो." मी "ऐकलं" म्हणाले. पुढच्या आठवड्यात "नाही केलं" म्हणाले. त्यानंतरही दरवेळी नाहीच केलं. कॅटलॉगमध्ये नोंद आहे म्हणजे पुस्तक शेल्फवर आहे, असं धरून चालणारी ग्रंथालयं मी पाहिली आहेत.

पण ती पद्धत मला पटायला लागली हे कबूल करते. मनात साचत नाही. घरी नवऱ्यावर करून पाहिली, तिथे चालली नाही.

सरांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं, तेव्हा अमेरिकेहून ते कागद आले. त्या कॉलेजने जुनी दप्तरं स्कॅन करून ठेवली होती, आणि तिथल्या कुणा सज्जन कर्मचाऱ्याने, सर पाच वर्षं ई-मेल करत होते त्याला कंटाळून असेल, प्राध्यापकांच्या सभेच्या वहीतली चौदा पानं पाठवली. शेवटच्या प्रकरणासाठी हवी होती. स्मृतिपुस्तकात एवढंच होतं की संस्थापकांच्या कॉलेजातल्या शेवटच्या वर्षी मंडळावर संकट आलं, चार भावांना कॉलेज सोडावं लागलं.

कागद मंगळवारी आले. बुधवार, गुरुवार, शुक्रवार सर आले नाहीत. नऊ वर्षांत या माणसाने रजा घेतली नव्हती. फिलोमिना म्हणाली, "हॉस्पिटलला फोन करूया का?" मी त्यांच्या फ्लॅटवर जाऊन बेल वाजवली. आतून आवाज आला, "बरा आहे. सोमवारी येतो."

सोमवारी आले ते हसतमुख. जाकीट नव्हतं. मला केबिनमध्ये बोलावलं, आणि म्हणाले, "बाई, टेबल फिरवायला जरा हात लावा."

आम्ही टेबल फिरवलं. मग ते संस्थापकांच्या बरोबर समोर बसले, थर्मासमधला चहा ओतला, आणि त्यांच्याकडे बघत बघत प्याले. कपाळावरची आठी, जी मला त्यांच्या चेहऱ्याचाच भाग वाटायची, ती नव्हती.

"टाइप करा," असं म्हणून त्यांनी पानं दिली.

मी जागेवर जाऊन टाइप करायला घेतलं. वहीत होतं ते असं. त्या कॉलेजात गुप्त मंडळांना बंदी होती. हिवाळ्यात कुणीतरी चुगली केली. प्राचार्यांनी एकेकाला बोलावलं. संस्थापकांनी लेखी जबाब दिला की अशा मंडळाबद्दल आपण फक्त ऐकून आहोत, आपला त्याच्याशी संबंध नाही, मात्र खोगीरवाल्याच्या दुकानावर अमुक अमुक चौघे जमतात असं कळतं. खाली सही. चौघांना काढून टाकलं. संस्थापकांना उत्तम वर्तणुकीचा दाखला मिळाला. पुढे तीसेक वर्षांनी मंडळ मोठं झालं, कुणालाच जुनं ठाऊक नव्हतं, तेव्हा त्यांना बोलावून संस्थापक म्हणून गौरवलं. तिथे त्यांनी निष्ठेवर भाषण केलं. ते भाषण मी दोन वर्षांपूर्वीच टाइप केलं होतं. चांगलं वाटलं होतं मला.

मी की-बोर्डवरून हात काढले. खरं सांगते, मला त्या दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा राग आला, पण त्याहून मला सरांची काळजी वाटली. आयुष्य घातलं होतं त्यांनी. मी परत केबिनमध्ये गेले.

"सर, वाईट झालं."

"वाईट?" ते हसले. मोठ्याने हसले. ग्रंथालयात. "बाई, मला किती बरं वाटलं ते तुम्हाला कळायचं नाही. पंधरा वर्षं मी या माणसाकडे तोंड करून बसू शकलो नाही. मला वाटायचं, कुठे हे आणि कुठे मी. आता कळलं, मी तर यांच्याच वाटेने गेलो. पावलावर पाऊल."

आणि मग त्यांनी मला जे सांगितलं ते चहाचा दुसरा कप ओतता ओतता सांगितलं.

मी यायच्या आधी, पंधरा वर्षांपूर्वी, सरांनी इथे स्वतःचं बंधुमंडळ काढलं होतं. विद्यार्थ्यांचं नाही. सुट्टीच्या दिवशी बस स्टँडजवळच्या बागेत कोकणातली, साइटवर काम करणारी माणसं बसायची. सर त्यांच्यात जाऊन बसायला लागले. त्यातल्या चौघांना शपथ दिली, हात मिळवायला शिकवलं, अकरा नियम समजावले. चौघांनी ते मनापासून घेतलं. पुढे त्यांची कंपनी बंद पडली, कॅम्प रिकामा करायला लावला, व्हिसाची मुदत संपली. ते सरांच्या दारात आले. पहिला नियम होताच. सरांनी कॉलेजच्या फ्लॅटमध्ये, बाहेरच्या खोलीत, चौघांना ठेवून घेतलं. स्वयंपाक दत्ताराम करायचा. दत्ताराम रत्नागिरीकडचा, फरशी बसवणारा, चौघांत सगळ्यात जाणता. "माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दोन महिने," सर म्हणाले.

मग तपासणी आली. कागद नसलेल्या माणसांना घरात ठेवणं हा इथे मोठा गुन्हा आहे. सरांची नोकरी गेली असती, फ्लॅट गेला असता, चरित्र अर्धवट राहिलं असतं. त्यांनी लिहून दिलं की ही माणसं कोण ते मला माहीत नाही, मी बाहेर असताना ती घरात शिरली. चौघांना परत पाठवलं, पुन्हा यायची बंदी घालून.

"तुम्ही त्यांच्याशी नंतर बोललात?"

"काय बोलणार? पण आता बघा ना, बाई," त्यांनी तसबिरीकडे हात केला, "यांनीही तेच केलं. आणि तरी यांच्या हातून केवढं काम झालं."

नऊ वर्षं ज्या माणसाबरोबर डबा खाल्ला तो माणूस मला दिसेना. मी उठून जागेवर आले. फिलोमिनाला काही सांगितलं नाही. खोट्या जबाबावर सही केली याचा मला तितका धक्का बसला नव्हता. परदेशात भीतीने माणसं काय काय सह्या करतात ते मी पाहिलं आहे. धक्का बसला तो त्या हसण्याचा.

शुक्रवारी आम्ही टेबलाशी बसलो. माझी पाळी आली.

"सर, तुमच्यामुळे चार माणसं हाकलली गेली आणि तुम्हाला त्यात आनंद झालाय की आणखी एकाने असंच केलं होतं. तुम्ही दत्तारामला फोनसुद्धा केलेला नाही."

फिलोमिना माझ्याकडे बघतच राहिली. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "ऐकलं."

पुढच्या शुक्रवारी त्यांनी नेहमीसारखं "केलं" किंवा "नाही केलं" म्हटलं नाही. खिशातून वही काढली. दत्तारामचा नंबर त्यात होता. पंधरा वर्षांत तीनदा बदललेला, त्याच्या गावच्या कुणाला तरी विचारून तिन्ही वेळा नोंदवलेला, एकदाही न लावलेला. "तुमच्या समोरच करतो," ते म्हणाले. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून फोन स्पीकरवर.

"हॅलो. दत्ताराम, मी सर बोलतोय. अल ऐनहून."

तिकडे कुणीतरी ट्रॅक्टर बंद केला. "बोला सर."

"मी... तुमची माफी मागायला फोन केलाय. त्या जबाबाबद्दल."

"हं."

"माझा नाइलाज झाला होता. त्या क्षणी काही सुचलं नाही."

"सर," दत्ताराम म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "मी पोलिसांच्या गाडीत बसून बघत होतो. गाडीचं दार उघडं होतं. तुमचं पेन चालत नव्हतं. तुम्ही झटकलंत, हातावर घासून बघितलंत. मी म्हटलं, चला, देव आहे. मग तुम्ही त्या साहेबाकडे दुसरं पेन मागितलंत."

फिलोमिनाने हात तोंडावर नेला. सर फोनकडे बघत होते.

"हो," ते म्हणाले. "मागितलं."

"मग सुचलं नाही असं नका म्हणू."

"बरोबर आहे. दत्ताराम, मी पुस्तक लिहितोय. त्यात मी हे सगळं—"

"पुस्तकात नको, सर. पुस्तक कोण वाचतंय इथं? आमच्याबरोबर जो अरबी कागद आला ना, तो शेजारच्या मोहल्ल्यातल्या चाचांनी वाचून दाखवला. ते आयुष्यभर कतारला होते. त्यांनी वाचलं, परक्याच्या घरात शिरले. गावात झालं, घरफोडी केली. मी सांगितलं सगळ्यांना. कोण ऐकतंय? माझी बायको काही बोलत नाही. पण पंधरा वर्षं झाली, कपाटाची चावी माझ्या हातात देत नाही. तुम्ही घरी या. तिला सांगा. बाकी गावाचं मी बघतो. तिला तेवढं सांगा."

"तिला फोन द्या. आत्ताच सांगतो."

"फोनवर नाही. कुणीही फोनवर काहीही बोलतं. तुम्ही समोर बसून सांगा."

"येतो," सर म्हणाले. "निवृत्त झालो की सरळ तुमच्याकडे येतो."

"या. वाट बघतो." आणि ट्रॅक्टर परत सुरू झाला.

त्यानंतर सर सोमवारी येऊन संस्थापकांची खबर सांगेनासे झाले. टेबल परत फिरवलं नाही, पण चहा बाहेर आमच्याबरोबर प्यायला लागले. शेवटचं प्रकरण त्यांनी लिहिलं, जसंच्या तसं, संस्थापकांना कणभर न सोडता. अक्षर नेहमीसारखं लागत नव्हतं. पण त्यात सरांबद्दल एक अक्षर नव्हतं. दत्तारामनेच नको म्हटलं होतं, म्हणून मी विचारलं नाही.

पुस्तकाच्या दोनशे प्रती पुण्यात छापल्या. प्रकाशन दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या हॉलमध्ये. तीसेक माणसं, साबुदाणा वडे, मुलं आतल्या खोलीत टीव्ही बघत. एका बाईंनी विचारलं, "पण अमेरिकेतल्या माणसावर मराठीत का?" सर म्हणाले, "तो आपल्यातलाच आहे." लोक हसले. त्यांना वाटलं, विनोद केला.

निवृत्तीबरोबर व्हिसा रद्द झाला, सर भारतात परत निघाले. विमानतळावर मी आणि फिलोमिना गेलो होतो. त्यांनी आम्हा दोघींशी संस्थापकांच्या पद्धतीने हात मिळवला, करंगळी आत दुमडून. बायकांशी पहिल्यांदाच. मी म्हटलं, "सर, रत्नागिरी."

"मुंबईहून थेट तिकडेच," ते म्हणाले. "तिकीट काढलंय."

पंधरा दिवसांनी मला त्यांचा मेसेज आला. दोनच शब्द: "भेट झाली."

फिलोमिना खूश झाली. "बघ, केलं ना त्यांनी." मी हो म्हटलं.

मे महिन्यात भाचीच्या लग्नाला मी रत्नागिरीला गेले. लग्न झाल्यावर एक दिवस रिकामा होता. माझा स्वभाव मी सांगितलाच आहे. दत्तारामचं गाव तिथून दीड तासावर. भाड्याची गाडी केली.

घर रस्त्यालाच होतं. दत्ताराम नव्हता, चिपळूणच्या बाजूला कुणाच्या घराची फरशी बसवायला गेला होता. त्याची बायको अंगणात आमसुलं वाळत घालत होती. पन्नाशीची, किडकिडीत. मी सरांच्या ऑफिसातली, असं म्हटल्यावर तिने हात पुसले, पाट दिला, पाणी आणलं.

"सर येऊन गेले ना, वहिनी?"

"आले की. मार्चमध्ये. दोन तास बसले होते. मोठा विद्वान माणूस."

"काय बोलले?"

ती जराशी हसली. "खरं सांगू? मला काय कळलं नाही. अमेरिकेतल्या कुणाची तरी गोष्ट सांगत होते. पाच मुलं होती म्हणे कॉलेजात. त्यातला एकजण घाबरून खोटं बोलला, सही केली, आणि बाकीची चार गेली. सांगता सांगता रडायला लागले ते. मी म्हटलं, जाऊ दे सर, जुनी गोष्ट आहे, माणसं मरूनसुद्धा गेली असतील. मग म्हणाले, तुम्हाला सांगायलाच आलो होतो. हे पुस्तक दिलं." तिने आतून आणून दाखवलं. प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं होतं. "आमचे हे उन्हात उभे होते तिथं. त्यांनाही काय झालं कुणास ठाऊक, एक शब्द बोलले नाहीत. सर गेल्यावर जेवलेपण नाहीत."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. दोन तास. त्या माणसाने या अंगणात दोन तास बसून संस्थापकांचा गुन्हा कबूल केला होता. आणि दत्ताराम समोर उभा राहून वाट बघत होता, की आता म्हणतील, आता म्हणतील.

"वहिनी," मी म्हटलं, "ते अमेरिकेतलं सोडा. मी सांगते ते ऐका. तुमचे मालक सरांच्या घरात शिरले नव्हते. सरांनीच त्यांना राहायला बोलावलं होतं. दोन महिने ते तिथे राहिले, स्वयंपाक करत होते. तपासणी आली तेव्हा सरांनी नोकरी जाईल म्हणून खोटं लिहून दिलं. हे सरांनी स्वतः मला सांगितलंय, आणि फोनवर तुमच्या मालकांकडे कबूल केलंय. मी तिथेच बसले होते."

पुन्हा आमसुलं पसरायला लागली होती ती थांबली. हातातलं आमसूल तिने कागदावर ठेवलं, परत उचललं, परत ठेवलं.

"खाली सही होती," ती म्हणाली. "चाचा म्हणाले, कॉलेजातल्या माणसाची सही आहे. शिकलेला माणूस कशाला खोटं लिहील?"

"लिहिलं."

"हे सांगत होते मला. पहिल्या वर्षी रोज सांगत होते. मग एक दिवस सांगायचं बंद केलं." ती थांबली. "मला वाटलं, दमले खोटं बोलून."

समजूत घालणं मला जमत नाही. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मी उठून त्याला थांब म्हणून हात केला.

ती आत गेली. बराच वेळ आली नाही. भांडं पडल्याचा आवाज आला, नळ सोडल्याचा आला. मग ती मोबाइल घेऊन दारात आली आणि नवऱ्याला फोन लावला. तिकडून तो काही विचारत असावा, कारण ती दोनदा "काही नाही, काही नाही" म्हणाली.

"काम राहू दे आज," मग ती म्हणाली. "दुपारी घरी या जेवायला. नाही, सगळे बरे आहेत. तुम्ही या." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे पाठ करून, "मी थांबते तुमच्यासाठी."

मी त्याच्या येण्याआधीच निघाले. तिथे माझं काही काम नव्हतं.